कुरात्साला दोघं लागतात

क्रिसेला माग्बुताय विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष झाली आणि ऑगस्टातल्या सांस्कृतिक महोत्सवाचं जू तिच्या मानेवर आलं. खाण्याचे स्टॉल, बांबूंचा नाच, पोशाखांची मिरवणूक, सगळं दरवर्षीसारखं ठरत गेलं. घोडं अडलं ते शेवटच्या नाचापाशी. फिलिपिन्सच्या समार बेटावरचा कुठलाही समारंभ कुरात्साशिवाय, म्हणजे स्त्री-पुरुषाच्या जोडनाचाशिवाय, संपत नाही, आणि कॉलेजातली मुलं तो मोबाईलवर बघून बसवायची. मागच्या वर्षीचा बघून आपल्याला शाळेतली कवायत आठवली, असं रेदोन्या सर सगळ्यांदेखत म्हणाले होते. ते क्रिसेलाला लागलं होतं. बैठकीत ती बोलून गेली की आमच्या गावात खरे नाचणारे दोघं आहेत, मी त्यांना आणते.

अडचण एवढीच, की त्या दोघांचा वीसेक वर्षांचा अबोला होता.

लोला बेरिंग आणि लोलो तिबोय, म्हणजे तिकडच्या बोलीत बेरिंग आजी आणि तिबोय आजोबा, नवरा-बायको. चाळिशी ओलांडल्यावर लोलो बांधकामावर मजुरी करायला मनिलाला गेले आणि काही वर्षं त्यांचा पत्ताच नव्हता. परतले तेव्हा लोलाने एक शब्द विचारला नाही. त्यांच्या कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि त्यांच्या बहिणीच्या पायरीवर नेऊन ठेवलं. तेव्हापासून ते गावाच्या एका टोकाला, ती दुसऱ्या. पण त्यांचा कुरात्सा पाहिलेली माणसं अजूनही दुसऱ्या कुणाच्या नाचाला बरं म्हणत नसत.

क्रिसेला गावी गेली तेव्हा लोला घराखालच्या सावलीत चटई विणत होती. महोत्सवाचं सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "पुरुष कोण?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. "लोलो तिबोय."

लोलाचे हात थांबले नाहीत. दोन-तीन ओळी विणून झाल्यावर ती म्हणाली, "तो हो म्हणाला?"

"म्हणाले."

लोलोंना अजून कुणी विचारलंही नव्हतं. क्रिसेलाने थाप ठरवून मारली नव्हती. ती तोंडातून निसटली आणि मग मागे घेता येईना.

"तो हो म्हणाला आणि मी मागे सरले, असं गावानं म्हणायला नको," लोला म्हणाली. "येईन. पण तालीम-बिलीम नाही. त्याच्याबरोबर पुष्कळ झाली तालीम."

तिथून क्रिसेला तडक किनाऱ्यावर गेली. लोलो होडीला रंग लावत होते. त्यांनीही आधी हेच विचारलं, बाई कोण. तिने सांगितलं की लोला तयार आहे, आणि वर आणखी जोडलं की तुमचं नाव तिनेच आधी घेतलं. लोलोंनी तोंड फिरवलं आणि रंगवून झालेल्या फळीवरच पुन्हा ब्रश फिरवत राहिले. क्रिसेलाला ते बघून बरं वाटलं नाही. तरी ती होकार घेऊनच परतली.

महोत्सवाचा दिवस निम्मा बरा, निम्मा रडतखडत गेला. माईक खरखरत होता. बांबूंच्या नाचात एका मुलीचा घोटा सापडला आणि तिला बर्फ लावून बसवावं लागलं. जिमखान्यामागच्या खोलीत लोला खुर्चीवर बसली होती. हातात रुमाल, अंगात जुना फुगीर बाह्यांचा पोशाख. लोलो आले, दारात थबकले. क्रिसेला दोघांच्या मध्ये पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी.

"तू माझं नाव आधी घेतलंस, ते बरं केलंस," लोलो म्हणाले. वीस वर्षांनी बायकोशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"मी?" लोला म्हणाली. "होकार आधी तुझा आला."

मग दोघांनी एकदमच क्रिसेलाकडे पाहिलं. तिचे कान तापले. तिने सगळं कबूल केलं, माफी मागितली, आणि मुलांचा नाच तयार आहे, तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल, असंही सांगितलं.

"बघ, केवढीशी पोर आणि दोन म्हाताऱ्यांना कसं बनवलं," लोला नवऱ्याला म्हणाली. मग उठून तिने बाह्या सारख्या केल्या. "आता कपडे घातलेत."

कुरात्सात पुरुष कोंबड्यासारखा हात पसरून बाईभोवती घुमतो, बाई हुलकावणी देते आणि अखेर वळते. लोला वळेना. तिने पाठ फिरवली ती फिरवलीच. वाजवणाऱ्यांनी तेच कडवं पुन्हा घेतलं, मग आणखी एकदा. लोलो गुडघे वाकवून घुमत राहिले. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, पण हात खाली आले नाहीत. हा नाचाचाच भाग समजून पोरं शिट्ट्या मारत होती. क्रिसेला पडद्याच्या कडेला उभी होती. आपण काय करून बसलो, हे तिला तिथे कळलं. शेवटी लोला वळली, आणि मग तिने लोलोंना असं काही पळवलं की रेदोन्या सर खुर्चीवरून उठून उभे राहिले.

घरी दोघं वेगवेगळ्या जीपने गेली.

ख्रिसमसच्या सुट्टीत क्रिसेला पुन्हा माफी मागायला गेली. लोलाने तिला भात आणि सुकी मासळी वाढली. क्रिसेला निघाली तेव्हा म्हणाली, "पुन्हा नाचायचं, तर त्यानं स्वतः विचारावं. मध्ये पोरी नकोत."

क्रिसेलाने ते लोलोंना जाऊन सांगितलं. ते जाळं विणत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"मागच्या खेपेलाही तू असंच येऊन सांगितलं होतंस," ते म्हणाले.

या वेळी खरं सांगतेय अशी शपथ घ्यायची तिला लाज वाटली. ती तशीच परतली.

लोलोंनी लेंट, म्हणजे ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, संपेपर्यंत वेळ लावला. मग एका सकाळी दाढी करून ते गावाच्या त्या टोकाला गेले. काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. मे महिन्यात शेजारच्या मुलीच्या लग्नात दोघं नाचली. ती अजूनही दोन घरांतच राहतात.