खोली पास झाली

घरून काम करायचं की ऑफिसात यायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं असं कंपनीने कळवलं होतं. तिच्या बाबतीत ते नवऱ्याने ठरवलं. वाईट हेतूने नाही. मेल त्याच्या नजरेला पडली, तो खूश झाला आणि ती आंघोळीला गेलेली असताना तिच्याच फोनवरून होकार पाठवून मोकळा झाला. ती बाहेर आली तोवर बातमी स्वयंपाकघरापर्यंत पोचली होती.

"सुटलीस गं बाई रोजच्या वणवणीतून!" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं.

रक्ततपासणीच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. यंत्रातून आलेले आकडे पेशंटकडे जाण्याआधी नजरेखालून घालायचे आणि जो आकडा पटणार नाही तो अडवायचा. हे कुठेही बसून करता येण्याजोगं काम होतं, आणि तेच तर दुखणं होतं. ऑफिसातलं तिचं टेबल भिंतीला टेकलेलं, खुर्ची कुरकुरणारी. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला सगळे तोंडावर 'भोंगा' म्हणत, इतकी तिची बडबड. पण तिथे कुणी हाक मारली तर ती कामापुरती असे. डबा खाऊन झाल्यावर ती जेवणाची सुट्टी संपेपर्यंत नुसती बसून राहायची आणि "बरं नाही का?" असं कुणी विचारायचं नाही. घरात तिला असं बसता यायचं नाही. पण हे सांगायचं कुणाला? ऐकणारा म्हणाला असता, सुख दुखतंय हिचं.

"मग सरळ नाही म्हणून टाक," भोंगा म्हणाली.

"कारण काय देऊ? सासू प्रेमळ आहे म्हणून?"

भोंगा चक्क गप्प झाली. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "हिशेबवाल्या बाईंचं घर कंपनीच्या तपासणीत नापास झालं, ठाऊक आहे ना? प्लगला अर्थिंग नव्हतं. घर नापास झालं की टेबल इथंच राहतं. तुझं घर काय राजवाडा लागून गेलंय?"

राजवाडा नव्हताच. पण तिच्या दुर्दैवाने सासरे वीजखात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर होते आणि त्यांच्या हाताला काम हवंच होतं. कंपनीची सुरक्षा अधिकारी जागा बघायला येणार म्हटल्यावर त्यांनी कंबर कसली. अडगळीची खोली रिकामी झाली. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेले पत्र्याचे डबे सासूबाईंनी एका शब्दाने न कुरकुरता विकून टाकले. नवऱ्याने भिंती रंगवल्या. सासऱ्यांनी जमिनीवर लोळणाऱ्या वायरी भिंतीलगत पट्टीत बसवल्या, टेबलाच्या पायांखाली लाकडाचे तुकडे घालून उंची जुळवली आणि तिला खुर्चीत बसवून कोपराचा कोन पाहिला. "नव्वद अंश! बघतोच कशी नापास करते ती!"

तिला रडू येईल असं वाटलं. सगळ्यांना ते आनंदाचं वाटलं.

तपासणीच्या आदल्या दुपारी घर झोपलेलं असताना तिने मेन स्विच बंद केला. टेबलाजवळच्या प्लगचं झाकण उघडलं, अर्थिंगच्या हिरव्या वायरीचा स्क्रू ढिला करून वायर बाहेर ओढली आणि झाकण पुन्हा लावलं. काम सोपं होतं. अर्थिंग नसलं तरी दिवा लागतो, कॉम्प्युटर चालतो. तपासणीचं यंत्र लावलं की मात्र समजतं. प्लग फक्त तिच्यासाठीच होता, म्हणजे जमिनीत न गेलेल्या विजेचा झटका बसलाच तर तिला एकटीला. हिशेब तिने पुन्हा करून पाहिला. त्यात काही राहिलंय असं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कपडे वाळत घालत होती. खोलीतून सासूबाईंच्या गुणगुणण्याचा आवाज आला म्हणून तिने सहज डोकावलं. खिडकीला लावायचा नवा पडदा टेबलावर पसरलेला होता. सासूबाईंच्या हातांना नुकत्याच धुतलेल्या भांड्यांचं पाणी होतं. एका हातात घरातली जुनी, जड लोखंडी इस्त्री, कधीकधी झिणझिण्या देणारी; दुसऱ्या हातात तिची पिन, प्लगपाशी नेलेली.

"आई, तिथे नको!"

ती इतक्या जोरात ओरडली की सासूबाईंच्या हातून पिन सुटली. नवरा दाढीचा फेस तसाच ठेवून धावत आला.

"अगं, काय झालं काय? जीव घेशील माझा!"

"तिथे... तिथे मघाशी ठिणगी दिसली मला."

"ठिणगी? मी स्वतः बसवलेल्या प्लगला?" सासरे पेचकस घेऊनच आले. मेन बंद करून त्यांनी झाकण उघडलं. बराच वेळ ते आत बघत राहिले. नवरा म्हणाला, "काय हो बाबा, इंजिनियरसाहेब नापास?"

"ढिला राहिला वाटतं. वय झालं," सासरे म्हणाले. जन्मात त्यांनी आपली चूक कबूल केली नव्हती. नवरा हसत दाढी करायला गेला, सासूबाई पडदा घेऊन दुसऱ्या खोलीत गेल्या. सासऱ्यांनी वायर जागेवर बसवली, स्क्रू आवळला आणि मान वर न करता हलक्या आवाजात म्हणाले, "अशी वायर आपोआप निघत नाही, सूनबाई. मी कुणाला सांगणार नाही. पण घरातलं कुणी गेलं असतं."

ती राहिलेले कपडे वाळत घालायला गेली.

सुरक्षा अधिकारी तरतरीत बाई होती. तिने प्लगमध्ये यंत्र लावलं. दिवे लागायला हवे होते तसे लागले. उजेड मोजला, खुर्ची हलवून पाहिली. "इतकी छान व्यवस्था मी अजून कुठे पाहिली नाही," ती म्हणाली, तेव्हा सासरे लहान मुलासारखे लाजले. मग नियमाप्रमाणे तिने सगळ्यांना बाहेर जायला सांगून दार लावलं.

"आता खरं सांगा. इथे काम करायला तुमची स्वतःची तयारी आहे ना? नसेल तर इथेच थांबू. कारण विचारणार नाही कुणी."

एवढं सोपं होतं ते. तिने तोंड उघडलं. दाराबाहेर सासरे खोकले. नेहमीचाच खोकला असेल. पण ज्या माणसाने सकाळी तिच्यासाठी स्वतःला नापास करून घेतलं, तो दाराबाहेर उभा असताना 'मला या घरात बसायचं नाही' हे म्हणायला तिची जीभ वळेना.

"आहे तयारी."

"उत्तम." बाईची नजर दाराकडे गेली. "ही आतली कडी तेवढी काढून टाका. दिवसभर एकट्या बसणार तुम्ही. चक्कर आली, काही झालं, तर घरच्यांना आत येता यायला हवं."

ती कडी सासऱ्यांनी अधिकारी बाई पायऱ्या उतरायच्या आत काढली. भोकं पांढऱ्या लांबीने बुजवली, वर बोट फिरवून पाहिलं. काही कळत नव्हतं.

सोमवारी कामाला सुरुवात झाली. थोड्याच वेळात दार ढकलून सासूबाई आत आल्या, मटाराच्या शेंगांची परात घेऊन.

"तू कर गं तुझं काम. मी आपली बसते कोपऱ्यात. एकटी कंटाळशील."

त्या दुपारी चहा घेऊन आल्या, मग शेजारणीला खोली दाखवायला घेऊन आल्या, मग पंख्याखाली जरा आडव्या झाल्या.

संध्याकाळी नवऱ्याने बूट काढता काढता विचारलं, "काय मग, कसा गेला पहिला दिवस?"

तिने मान वर केली.

"मस्त गेला आमचा," सासूबाई म्हणाल्या.