उजव्या बाजूची सीट

"आवं, माझी परात कुठं हाय?"

"हितं हाय. हात लावू नगंस," जीपखालून आवाज आला. सयाजीचे फक्त पाय बाहेर दिसत होते.

लीलाबाई तिंबायचं पीठ तसंच टाकून अंगणात आली आणि बघते तर काय! पाटणहून, माहेरहून, लग्नात आलेली पितळी परात लिंबाखाली ठेवलेली. परातीत रॉकेल. आणि त्या रॉकेलात गंजके नटबोल्ट असे निवांत पडलेले, जशा काही भर दुपारी नदीत बसलेल्या म्हशी.

"रेशनचं राकील ह्यास्नी पाजताय व्हय? आन चिमणीत काय माझ्या डोळ्यातलं पाणी घालू?"

"गंज सुटला की गाळून परत देतो. एक थेंब वाया जायाचा न्हाई."

हे मात्र खरं होतं. सयाजी जुन्या बनियनच्या फडक्यातून ते रॉकेल खरंच गाळून द्यायचा आणि मग घरातली चिमणी आठवडाभर लोखंडाचा वास मारत जळायची.

सयाजी मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर होऊन कोरेगावला आला, तेव्हा बरोबरचे लोक पेन्शनीवर म्हशी घेत होते, विहिरीवर इंजिन बसवत होते. ह्यानं लिलावातून जीप आणली. आणली म्हणजे बैलगाडीवर घालून आणली. अमेरिकेत झालेली, लढाईत वापरलेली, स्टिअरिंग डाव्या अंगाला. इंजिन एका पोत्यात, दिवे दुसऱ्या पोत्यात, चाकं तर नव्हतीच. सगळ्या आळीनं येऊन बघितलं आणि सगळी आळी पोटभर हसून घरी गेली. सयाजी हसला नाही. फौजेत आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या गाड्या उभ्या केल्या होत्या, आता त्याला स्वतःची उभी करायची होती. आणि पैसे न घालवता करायची होती, तिथंच सगळी गंमत होती.

मोठं सामान मिळेल तसं मिळत गेलं. पण गाडीला नटबोल्ट किती लागतात हे ज्यानं गाडी खोलली त्यालाच ठाऊक! नवा बोल्ट घेणं सयाजीला पाप वाटायचं. साताऱ्याच्या भंगारवाल्याकडून तो किलोवर गंजकी रास आणायचा, एकेक बोल्ट रॉकेलात भिजवायचा, आटे तारेच्या ब्रशनं घासायचा. घासायचा म्हणजे लीलाबाई घासायची. चिंचेनं घासल्यावर गंज लवकर जातो, हा शोधही तिचाच. रस्त्यानं चालताना नवराबायको दोघंही खाली बघून चालायची. एकदा बाजारातून येताना तिला धुळीत एक वॉशर सापडला, तर तिनं तो मंगळसूत्राला बांधून घरी आणला. सयाजी इतका खूश झाला, इतका खूश झाला की त्या दिवशी त्यानं स्वतः चहा केला.

पण घरातल्या कॉटचे बोल्ट त्यानं कधी काढले, हे तिलाही कळलं नाही. कॉटचे सांधे सुतळीनं बांधलेले. लीलाबाईचा भाऊ कृष्णात पाटणहून आला, जेवला, दुपारचा आडवा झाला आणि कॉटसकट जमिनीवर आला.

"दाजी," पडल्यापडल्याच कृष्णात म्हणाला, "आमच्या आक्काला तेवढं धरून ठिवा. न्हाईतर तिचाबी एकादा बोल्ट काढशीला."

विजयमाला, त्यांची एकुलती एक लेक, हसून हसून भिंतीला टेकली. सयाजी ओशाळून म्हणाला, "गाडी झाली की पयली पाटणला आणतो बघ. तुझी आक्का म्होरं बसंल माझ्या शेजारी."

"आदी कळवा की. येशीत कमान उभारतो," कृष्णात म्हणाला.

त्या दिवसापासून लीलाबाई सयाजीचं ते वाक्य मनात घोळवायला लागली. माहेरची वाट तिला एसटीतून पाठ होती, उभ्यानं, कुणाच्या तरी कोंबडीशेजारी. आता उघड्या गाडीत, पुढच्या सीटवर, उजव्या बाजूला! "वारं लय लागतं आसंल न्हवं?" ती विजूला विचारायची. "पदर कानामागं घट्ट खोचाय पायजे."

जीप दसऱ्याला चालू झाली. आधी खोकली, मग गुरगुरली, मग लिंबावरचे सगळे कावळे उडाले. झेंडूच्या माळा घातलेली गाडी सयाजीनं गावातून फिरवली, मागं पोरं लोंबकळली. लीलाबाई आरतीचं ताट घेऊन दारातच उभी राहिली, कारण उजव्या बाजूची सीट अजून ओसरीवर होती. लिलावात ती सुटी मिळाली होती, चार बोल्टांवाचून. गाडीच्या पत्र्याखाली नट कायमचे जोडलेले होते, त्यांचे आटे बारीक, आणि तसले बोल्ट भंगारात क्वचित मिळायचे. मिळायचे तेव्हा दुसरीकडंच जास्त गरज असायची. एक सापडला, तो स्टिअरिंगला गेला. दुसरा स्प्रिंगला.

"मी मागं बसती की," ती म्हणाली.

"मागं बसायला तू काय पोतं हायस? म्होरं बसायचं. शीट बसू दे."

सीट ओसरीवर होती तोवर लीलाबाई तिच्यावर बसून गवारी मोडायची, तांदूळ निवडायची. बूड टेकलं की तिचा उजवा हात आपोआप बाजूची दांडी शोधायचा, धरायला.

मॅट्रिकच्या वर्षी विजूला धावण्याचं बक्षीस मिळालं, रोख. पोरीनं काय करावं? रिबिनी घ्याव्यात, फाउंटन पेन घ्यावं. विजू साताऱ्याहून एसटीनं आली, स्टँडवरून धावतच घर गाठलं आणि तिनं ओसरीवर वर्तमानपत्राची पुडी उलगडली. आत चार बोल्ट. कोरे, चकचकीत, नटांसकट!

"आबा, बसवा शीट! आत्ताच्या आत्ता!"

घरात नवा बोल्ट पहिल्यांदाच आला होता. लीलाबाईनं पीठभरले हात न धुताच एक उचलून बघितला, बाळाचं बोट धरावं तसा. सयाजीनं सीट गाडीत ठेवली, बोल्ट घातला, फिरवला. दोन आटे गेला आणि अडकला.

"मारा की पान्हा," लीलाबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला.

"पान्हा मारला तर खालच्या नटाचं आटं जातील. मग ही शीट जल्मात बसायची न्हाई." त्यानं बोल्ट हलकेच उलटा फिरवून काढला. "गाडी अमेरिकेची, बोल्ट हितला. जुळत न्हाई, पोरी."

"दुकानदार परत घेईल?" विजूनं विचारलं.

"न्हाई घ्यायचा. कशाला पैसं घालीवलंस?"

विजू जी आत गेली ती जेवायलाही बाहेर येईना. सयाजीनं बोल्ट पुन्हा पुडीत बांधले. पुडी भंगाराच्या डब्यात न टाकता तो ती घेऊन माजघरात गेला, एवढं लीलाबाईनं पाहिलं. मग ती लेकीची समजूत काढायला उठली.

विजू फर्स्ट क्लासमध्ये पास झाली. सांगलीच्या कॉलेजात जायचं, वसतिगृहात राहायचं, तिनं कधीच ठरवून टाकलं होतं. पैशासाठी काय विकावं म्हणून सयाजी दोन दिवस दारातल्या एकुलत्या म्हशीकडं बघत बसला, मग शेताच्या तुकड्याकडं. जीपकडं मात्र बघेना. ते लीलाबाईच्या ध्यानात आलं. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढता वाढता ती म्हणाली,

"गाडी इका."

"अजून पुरी झाली न्हाई ती."

"तुमची पुरी हुईस्तवर पोरीचं शिक्षाण राहील. इका म्हणते न्हवं मी!"

"आन पाटण?"

"एसटी काय बंद पडलीया?" ती म्हणाली आणि चुलीकडं वळली. लाकडं ओली होती, धूर फार झाला होता.

गिऱ्हाईक सांगलीकडचंच मिळालं. बाळासो म्हणून ऊसवाहतुकीचा कंत्राटदार, पांढरे बूट, बोटात अंगठ्या. त्यानं जीप शेतातून नेली, ओढ्यातून काढली, परत आणून इंजिन बंद केलं आणि कौतुकानं मान हलवली.

"हवालदार, एक नट वाजत न्हाई हो!"

"वाजायचा न्हाई," सयाजी म्हणाला.

मग बाळासोचं लक्ष ओसरीकडं गेलं. लीलाबाई सीटवर बसून घेवडा सोलत होती.

"ती ह्या गाडीचीच शीट न्हवं? टाका मागं. आमचा मिस्त्री बसवंल."

लीलाबाई लगेच उठली. सूप खाली ठेवलं, सीटवरच्या शेंगांच्या शिरा झटकल्या, पदरानं पुसून काढली. देताना वस्तू स्वच्छ द्यावी, एवढंच तिच्या मनात होतं. निदान तिनं तसं मनाला सांगितलं.

"बस तू," सयाजी म्हणाला.

"आवं, त्यास्नी..."

"बस म्हणतो न्हवं. ती ह्या गाडीची न्हाई."

बाळासो हसायला लागला. "काय हवालदार! रंग त्योच, मिलिट्रीचा."

"रंग मी दिलाय."

"मग शीटचं पैसं कापाय लागतील बघा. मला नवी करून घ्याय लागंल."

"कापा," सयाजी म्हणाला.

लीलाबाई उभी होती ती मटकन सीटवर बसली. एका वॉशरसाठी भंगारवाल्याशी अर्धा दिवस हुज्जत घालणारा हा माणूस! तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो बाळासोला चोक किती ओढायचा ते समजावून सांगत होता.

जीप गेली. आठवड्यानं विजूही ट्रंक घेऊन एसटीनं सांगलीला गेली, खिडकीतून अर्धी बाहेर येऊन हात हलवत. अंगण एकदम मोठं झालं. लिंबाखाली तेवढा तेलाचा काळा डाग राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सयाजीनं सागवानी फळीला चार भोकं पाडली आणि ती ओसरीच्या कडेला पक्की करून तिच्यावर सीट ठेवली. माजघरातून वर्दीची ट्रंक ओढल्याचा आवाज आला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात वर्तमानपत्राची पुडी होती. बोल्ट अजून चकचकीत होते. फळीतून ते सरळ खाली उतरले, खालून त्यांचेच नट लागले, आणि त्यानं पान्ह्यानं एकेक आवळला.

"बस."

लीलाबाई बसली. सयाजी रॉकेलचा रिकामा डबा घेऊन आला, तिच्या डाव्या हाताला उपडा टाकला आणि त्यावर बसला.

"हालत न्हाई न्हवं?"

"न्हाई. पक्की हाय."

समोरच्या रस्त्यानं साताऱ्याची एसटी धुरळा उडवत गेली. दोघंही रस्त्याकडं बघत होती. लीलाबाईनं पदर डोक्यावरून पुढं घेतला आणि कानामागं घट्ट खोचला.