चौदावरून न हलणारा आकडा

माझी थोरली बहीण ह्येरान. साधं गांडूळ दिसलं तरी किंचाळणारी बाई. त्याच ह्येरानताईच्या फ्रीजरमध्ये गेल्या हिवाळ्यात डम्पलिंगच्या पाकिटांशेजारी गोठवलेले उंदीर ठेवलेले असत. पोटचा पोर माणसाला काय काय करायला लावेल, सांगता येत नाही.

हानबिन तिचा एकुलता एक. सैन्यातली सक्तीची नोकरी करायला तो उत्तरेच्या डोंगरात गेला आणि जाताना आपला अजगर आईच्या गळ्यात मारून गेला. दोन हात लांब, तपकिरी, नाव इन्जल्मी. सोयाबीनच्या भाजलेल्या पिठात घोळवलेल्या तांदळाच्या वडीचं हे नाव. रंग तसाच होता म्हणा, पण त्या वड्या मी तेव्हापासून खाल्लेल्या नाहीत.

घरात सगळीकडे जमीन खालून ऊबदार. फक्त हानबिनच्या खोलीखालचा गरम पाण्याचा नळ कित्येक वर्षं तुंबलेला. तिथे जमिनीवर पाय गारठायचे. म्हणून सापाच्या काचपेटीखाली विजेवर तापणारी गादी, शेजारी तापमानाचे आकडे दाखवणारी डबी, आणि डबीतून निघालेल्या वायरचं ऊब मोजणारं टोक पेटीच्या आत. आकडा तीसच्या खाली गेला की गादी सुरू, तीस झाला की बंद. हानबिनने आईला तीनतीनदा दाखवलं होतं.

संध्याकाळी तिकडे सैनिकांना थोडा वेळ फोन मिळे. मी खालच्याच मजल्यावर राहते, बहुतेकदा त्या वेळी ताईकडेच असायची.

"जेवलास?"

"हो."

"थंडी फार आहे का रे?"

"नाही गं. आकडा किती?"

"तीस."

"मग ठीक." एकदा तो जरा थांबून म्हणाला, "इन्जल्मी आहे ना आई, म्हणून मी टिकून आहे."

पूर्वी हा पोरगा बोलायला लागला की कान किटायचे. आता आवाज सपाट, पाण्यात बुडवून काढल्यासारखा. मी ताईला म्हटलं, "नीट विचार त्याला. काहीतरी बिनसलंय."

"सैन्यात गेलं की पोरं कमीच बोलतात. तू नको अभद्र बोलूस."

पण भीती तिलाही होती. मुलापाशी पोचता येत नाही म्हणून तिने सगळा जीव त्या सापात ओतला. तळहाताच्या फोडासारखं जपायची त्याला. हा जगला तर माझा पोरगा धड घरी येईल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. मला ते मुळीच आवडत नव्हतं.

हानबिनच्या रजेला आठवडा उरला असताना ती धावत खाली आली. आकडा चौदावर आला होता.

"गादी बिघडली असेल," मी म्हटलं.

"चालू आहे. लाल दिवा आहे. पण चढतच नाही गं!"

मग तिने पेटीवर जाड रजई घातली, चारी बाजूंनी घट्ट खोचून. आमची आई वडिलांच्या भाताचा वाडगा असाच रजईत गुंडाळून जमिनीच्या सगळ्यात गरम जागी ठेवायची. घराबाहेर गेलेल्या माणसाचा भात गार होऊ द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. ताई रजई खोचत होती तेव्हा तिचे हात अगदी आईचे वाटले.

आकडा चौदाच. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या अंथरुणातली विजेची चटई काढून पेटीखाली सारली. फोनवर मात्र "तीस" म्हणून ठोकून दिलं. "मग ठीक," तो म्हणाला.

पहिले दोन दिवस साप झाकणाशी डोकं टेकवून उभा राहायचा, काचेवरून घसरायचा, पुन्हा चढायचा. काचेला आतून घाम फुटलेला. नंतर तो तळाशी वेटोळं करून पडला.

"बघ, रमला," ताई म्हणाली.

"रमला की मेला?"

"जीभ हासडीन तुझी!"

खोलीत एक वास येत होता. ओली रजई असेल म्हणून मी सोडून दिलं.

हानबिन यायच्या आदल्या दिवशी मी बाजारातून मुळ्याची किमची घेऊन वर गेले. वास वाढला होता. ताईला न विचारता मी रजई ओढली, झाकण सरकवलं, आत हात घातला आणि ओरडून मागे घेतला. तळ तव्यासारखा तापला होता.

"चौदा आहे गं!" ताई मला आकडा दाखवत राहिली. "चौदा!"

वायरचं टोक पेटीत नव्हतंच. पाण्याचं भांडं बदलताना ओढलं गेलं असणार. ते पेटीमागे गार जमिनीवर पडलं होतं, आणि डबी इतके दिवस त्या जमिनीची थंडी सांगत होती.

साप जिवंत होता. पण पोटाची कातडी भाजून तपकिरीची पांढरी झाली होती.

हानबिन आला. गाल बसलेले, केस भादरलेले. ताई दारातच रडायला लागली. तो रागावला नाही. त्याने साप ओल्या कापडावर घेतला, डॉक्टरांशी बोलला, मलम लावत बसला.

"ओरडला नाही रे तो," ताई म्हणाली. "हलला सुद्धा नाही. मला कसं कळणार?"

"त्याला ओरडता येत नाही, आई. आणि हळूहळू वाढत गेलं की सवय होते. वाटतं, असंच असतं."

ताई रडायची थांबली. त्याच्याकडे बघत राहिली.

"शर्ट काढ," ती म्हणाली.

"आई, मावशी आहे इथे."

"काढ."

त्याने काढला नाही. तिनेच मागून वर केला. पाठभर काळेनिळे डाग, काही जुने पिवळे पडलेले, आणि कमरेपाशी सिगारेटच्या टोकाएवढे गोल चट्टे, ओळीने.

मी तोंडावर हात ठेवला. ताई दाराशी गेली, त्याचे सैनिकी बूट उचलले, छातीशी धरले आणि आपल्या खोलीत जाऊन आतून कडी घातली.

हानबिन दाराबाहेर उभा राहिला. शर्ट खाली केलेला, बटणं पुन्हा गळ्यापर्यंत लावलेली.

"आई, बूट दे," तो हळू आवाजात म्हणत होता. "परवा हजर व्हायचंय. उशीर झाला तर मलाच महागात पडेल."