अकरा सेकंदांची उतरण

फ्रिज बंद केल्याशिवाय बूनाचं रेकॉर्डिंग होत नसे. गिटारची वायर कॉम्प्युटरला जोडली की फ्रिजची घरघर थेट आत शिरायची. म्हणून रोज दुपारी जेवणं उरकली की तो गुपचूप फ्रिजची पिन काढायचा, आणि रोज संध्याकाळी त्याची आई उंटिणीच्या नासक्या दुधाचं पातेलं त्याच्या नाकाखाली धरून विचारायची, "हेच का रे तुझं संगीत?"

तीन आठवडे दूध नासलं, पण उतरण काही जमेना.

उतरण म्हणजे येस्लेममामांची उतरण. वाळवंटाकाठच्या नुआकशोत शहरात लग्नात गिटार वाजवणारे पायलीला पन्नास, पण वरच्या सुरावरून डाव्या हाताची बोटं घसरवत मामा जेव्हा खाली येत, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्या बायकांचे हात हवेतच राहत. "ही उतरण तुझ्या हातून आली की माझी गिटार तुझी," असं मामा बूनाला तो दहा वर्षांचा असल्यापासून सांगत आलेले. त्या गिटारीच्या दांड्यावर नेहमीच्या पडद्यांमध्ये, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांमध्ये, जादा पडदे होते, मामांच्या वडिलांनी नुसत्या कानाने मापून बसवलेले. तसं वाद्य बाजारात मिळत नाही.

आणि मग गेल्या उन्हाळ्यात मामांचा डावा हात अर्धांगवायूने गेला. बोटं इतकी सुजली की चांदीची अंगठी कापून काढावी लागली. त्याच अंगठीवरून तेकबेरमामी तीस वर्षं भांडली होती. "अहो, वाजवताना काढून ठेवा ना ती! दांड्यावर टिक टिक आपटते." मामा म्हणायचे, "तुझ्या कानातच टिकटिक आहे." अंगठी गेली, भांडण मिटलं, आणि मामांनी घरात रेडिओसुद्धा लावू देणं बंद केलं.

इकडे बूनाने सत्तर वेळा ती उतरण वाजवून पाहिली. सत्तरही वेळा बोट मधल्या पडद्यावर अडखळलं. शेवटी वैतागून त्याने कॉम्प्युटरमधलं मामांचं जुनं रेकॉर्डिंग उघडलं. झटक्याच्या महिनाभर आधी, भाच्याचं नवं खेळणं कसं चालतं ते बघायला म्हणून मामांनी तासभर वाजवलं होतं. त्यातले उतरणीचे अकरा सेकंद बूनाने कापले, आपल्या वादनात डकवले आणि सांधा कळू नये म्हणून घासूनपुसून घेतले. घरातलंच तर आहे, त्याने मनाची समजूत काढली, कुणा परक्याकडे का दरोडा घातला?

तेवढ्यात कॉम्प्युटरने जागा संपल्याचं सांगितलं. बूनाने मामांचा तो अख्खा तास पुसून टाकला. खरं तर जागा हे निमित्त होतं. त्याला मागे पुरावा नको होता. स्वतःचे सत्तर भिकार प्रयत्न मात्र त्याने जपून ठेवले.

वादन फोनवरून गावभर झालं. टॅक्सीवाले लावू लागले, लग्नाची आमंत्रणं आली. आठव्या दिवशी मामांचा निरोप आला, ताबडतोब ये.

मामा उशीला टेकून बसले होते, चक्क दाढी करून. उजव्या हाताने त्यांनी बूनाची मान धरली आणि जवळ ओढली.

"आलं की रे, गाढवा! आलं तुझ्या हातात! शेजारच्याने फोनवर तुझं वादन लावलं, म्हटलं बंद कर मेल्या. आणि मग उतरण आली. मला वाटलं होतं, माझ्या हाताबरोबर तीही मेली."

"दोन वाडगे भात खाल्ला आज," मामी चहाची किटली उंच धरत म्हणाली. "तुझी कृपा, बाबा."

मामांनी गिटार बूनाच्या मांडीवर ठेवली. बूनाला वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"मामा, अजून हात बसलेला नाही हो माझा."

"पुरे झाला नम्रपणा! लाव ते. तुझ्या मामीने कुठे ऐकलंय अजून?"

फोनची बॅटरी उतरली म्हणून सांगता आलं असतं. बूनाने लावलं. उतरण आली, आणि पेल्यात पडणारी चहाची धार थांबली. मामीने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग बूनाच्या डाव्या हाताकडे.

"बूना," ती हळूच म्हणाली, "तुझ्या बोटात अंगठी कुठाय?"

लग्नात हरवली, असं थेट ओठांवर आलं होतं. पण मामांचा लुळा हात समोरच पडला होता, त्या बोटावर अंगठीचा फिका वळ घेऊन.

"मामा, ते मी नाही वाजवलेलं," बूना म्हणाला. "तो तुकडा तुमचा आहे. मागे घरी वाजवलं होतंत ना, त्यातला. मी चोरला."

आता कानाखाली बसणार म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. पण काहीच झालं नाही.

"मी?" मामा म्हणाले. "परत लाव."

त्यांनी फोन कानाशी धरला. भुवया वर गेल्या.

"अगं तेकबेर! खरंच वाजते की गं अंगठी!"

"तीस वर्षं सांगत होते! तीस वर्षं!" मामी हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती. मामा खोकला येईपर्यंत हसले. बूनाही हसला. सुटलो एकदाचा, असं त्याला वाटलं.

"चोर तो चोर, पण कामाचा निघाला," मामा म्हणाले. "आणि बरं का तेकबेर, त्या दिवशी उतरणीनंतर मी माझ्या बापाची चाल वाजवली होती. ती मी कुणालाच शिकवली नाही. म्हटलं, होईल सावकाश. बघ, ती पण वाचली यात! लाव बूना, पुढचं लाव."

बूनाने फोन परत घेतला आणि पालथा ठेवला.

"पुढचं नाहीये, मामा."

"म्हणजे?"

"पुसलं. अकरा सेकंदच ठेवले."

"का रे?"

जागा नव्हती, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि खरंच सांगून टाकलं. "तुमचं आहे हे कुणाला कळू नये म्हणून."

मामीने किटली खाली ठेवली. "आणि तुझं स्वतःचं? तू वाजवलेलं? तेही पुसलंस?"

"नाही. ते आहे."

मामांनी चांगल्या हाताने लुळा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "मग ते अकरा सेकंदच लाव."

बूनाने लावलं. संपलं की मामा उजव्या हाताचं एक बोट वर करायचे आणि बूना पुन्हा सुरुवातीला जायचा. टिक येण्याआधीच मामीची मान हलायला लागायची. रिवाजाप्रमाणे तीन पेले झाल्याशिवाय चहा पुरा होत नाही, पण तिसरा पेला कुणी घेतलाच नाही. गिटार अजून बूनाच्या मांडीवरच होती, आणि ती उचलून खाली ठेवायचीही त्याला लाज वाटत होती.