निरोगी बहीण

प्रशिकला उपचाराच्या खुर्चीत बसवून झालं की मेघा भिंतीला टेकून उभीच राही. बसलं की डोळा लागतो, हे तिला ठाऊक होतं. सकाळी भावाची आंघोळ, दाढी, मग इंदोऱ्याच्या घरून ऑटोत घालून रामदासपेठेतल्या दवाखान्यात आणायचं, कमरेला हात घालून पायऱ्या चढवायच्या, उपचार झाले की घरी सोडायचं आणि तिथून गांधीबागेतल्या दुकानात संध्याकाळपर्यंत साड्यांच्या घड्या उलगडायच्या. रविवार सोडला तर रोज हेच.

प्रशिक हिंगण्याच्या एका कारखान्यात वेल्डर होता. आधी त्याच्या हातची वेल्डिंगची रेघ वाकडी जाऊ लागली, मग पाय वाकडे पडू लागले, मग जीभही अडखळायला लागली. वडील, आनंदराव, असेच झोकांड्या खात खात वारले होते आणि थेंबभरही न पिता मोहल्ल्यात दारुडे ठरले होते. प्रशिकचं रक्त तपासलं तेव्हा कुठे रोगाला नाव मिळालं. डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू हळूहळू झिजत जातो, आणि हा रोग आईबापाकडून लेकरांत उतरू शकतो.

डॉक्टर चारुलता त्या लहान मेंदूला चुंबकाचे झटके देऊन पाहत होत्या. त्या तारेच्या वेटोळ्याची जाडजूड कॉइल प्रशिकच्या मानेच्या वर धरत आणि टक् टक् आवाज सुरू होई. झटक्यांनी तिथल्या पेशींचं काम थोडं सुधारतं का, हे बघायचं होतं. रोग बरा होईल असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. उपचारानंतर काही वेळ प्रशिकच्या हातातला चहा कमी सांडे. संध्याकाळी पुन्हा तेच.

एके दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "मेघा, तुमचीही एक तपासणी करू का? रुग्णांच्या भावंडांचा लहान मेंदू कसा काम करतो, ते आम्ही पाहतोय. पण नको वाटलं तर सरळ नाही म्हणा."

मेघाने त्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीला मागे रेलायला पाठ होती, पायांना आधार होता.

"करा," ती म्हणाली.

तिच्या बोटाला पट्ट्या चिकटवल्या. एक कॉइल डोक्यावर, दुसरी मागे. वरून झटका बसला की बोट आपोआप उडे. मग डॉक्टर आधी मागून आणि लगेच वरून झटका देऊ लागल्या. हीच तपासणी प्रशिकची झालेली होती. निरोगी माणसात मागचा झटका लहान मेंदूला जागवतो, तो लगाम ओढतो आणि बोट कमी उडतं, असं डॉक्टरांनी तेव्हा समजावलं होतं. प्रशिकचं बोट दोन्ही वेळा सारखंच उडालं होतं.

मेघाचंही सारखंच उडत होतं.

डॉक्टरांनी कॉइल जरा सरकवली आणि पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

"मॅडम, माह्यं बी त्याच्यासारखंच उडून राहिलं न?"

"एवढ्यावरून काही ठरत नाही," डॉक्टर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "झोप झाली नसेल, मान आखडली असेल, कॉइल चुकली असेल, तरी असं दिसू शकतं. खरं काय ते रक्तच सांगेल. पण ते तपासायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. घाई नाही."

ऑटोत प्रशिक तिच्या बोटांकडे पाहत होता. मग जड जिभेने म्हणाला, "मी पाह्यलं."

"झोप नाही झाली, दादा. म्हणून असंन."

त्या दिवशी त्याने तिच्या खांद्यावर भार टाकला नाही, ऑटोची दांडी धरून बसला.

पुढच्या आठवड्यात, डॉक्टरांशी दोनदा बोलून, मेघाने रक्त दिलं. रिपोर्ट यायला वेळ होता आणि तेवढ्यात घर बदललं. आई, कांताबाई, तिच्या आधी उठून डबा करू लागली. मेघा भांड्यांना हात लावायला गेली की म्हणे, "बस वं जराशी, मी करते." प्रशिक भिंत धरत धरत स्वतः न्हाणीत जाई आणि दाढी स्वतःच करी, गालावर खुंटांचे पुंजके राहत. मेघा घाबरलेली होती, हात चुकतो का हे बघायला रात्री चार-चारदा बोट नाकाला लावून पाही. तरीही कित्येक वर्षांनी तिला कोणी बसायला सांगत होतं.

रिपोर्ट चांगला आला. रोग तिच्यात उतरला नव्हता. कांताबाईने बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावली आणि पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हाक मारली, "मेघा, दादाले आंघोळीले ने वं."

मेघाने बादली उचलली. न्हाणीच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच उंबरठ्यावर बसली. रडू आवरेना.

"आता काहून रडते? चांगलं तं झालं!"

"चांगलंच झालं, आई." तिला स्वतःचीच लाज वाटत होती, पण तोंड थांबेना. "रिपोर्ट यायचा होता तवा तुम्ही मले बसू देत होते. आता रोग नाही म्हणून मी थकत नाही काय? पुन्हा सगळं माह्यावरच आलं."

कांताबाईने हातातला चिमटा चुलीशी खाली ठेवला. पलंगावरून प्रशिकचा आवाज आला. शब्द एकमेकांत अडकत होते.

"मले खुशी झाली वं. पण... एकटं बी वाटलं. वाटलं होतं, या रोगात आपण दोघं राहू." त्याने दम घेतला. "उद्या दवाखान्यात मी एकटा जातो."

"पडशीन."

"पडीन तं पडीन. उचलतीन लोक."

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या ऑटोवाल्याने त्याला नेलं. मेघा दुकानात साड्या दाखवत होती; हात चालू होते, लक्ष फोनकडे. एका गिऱ्हाईकाने हिरवी मागितली तर तिने निळी उलगडून दाखवली. फोन वाजला नाही.

घरी आली तर प्रशिकच्या गुडघ्यावर पट्टी होती.

"पडला न?"

"पडलो. पायऱ्यांवर." त्याच्या चेहऱ्यावर थोडा रागही होता. "दोघांनी उचललं. एकानं दारू पेला का म्हणून विचारलं."

"मंग?"

"लहान मेंदू म्हणलं. त्याले काही समजलं नाही." जरा थांबून तो म्हणाला, "उद्या बी एकटाच जाईन. फक्त ऑटोवाला लय बोलते."

मेघाने हसायचा प्रयत्न केला, ते अर्धवटच जमलं. गुडघ्याची पट्टी तिने सोडून पाहिली नाही. हातपाय धुतले, ताट घेतलं आणि कोणाला वाढायच्या आधी स्वतःसाठी भात वाढून घेतला.