टूमीसाहेबांचा गुलाबी कागद

बायकांना मताचा हक्क नव्हता त्या काळची गोष्ट. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात महापौराची निवडणूक उद्यावर आली आणि मायल्स केहोच्या घरी जेवणाच्या टेबलावरच भांडण पेटलं. निमित्त होतं एका गुलाबी मतपत्रिकेचं. सध्याच्या महापौराच्या पक्षाने छापलेली ती मतपत्रिका वॉर्डाचा पुढारी बार्ट टूमी सकाळीच देऊन गेला होता. उद्या ती उंच धरून त्याच्यासमोरून चालत जायचं आणि पेटीत टाकायची. रंग दिसला की टूमी समजे, माणूस आपला!

"याच महापौराला तुम्ही पुरुषांनी दोनदा निवडून दिलंत," मायल्सची बायको हॅना कडाडली. "गल्लीतलं गटार उघडं ते उघडंच! शेजारच्या रायनची दोन लेकरं तापाने गेली. आपली नोरा कशीबशी वाचली, विसरलास?"

"विसरेन कसा? पण बंबखान्यात घोडे सांभाळायची नोकरी टूमीसाहेबांनीच लावली ना? नोराच्या बाप्तिस्म्याला डुकराच्या मांसाचं अख्खं हॅम घेऊन आले होते. त्यांचं मीठ खाल्लंय आपण!"

"मग आभार मान की त्यांचे! मनुका घालून पाव भाजते, तो नेऊन दे. हॅमची परतफेड पावाने कर, मताने कशाला? मला मेलीला मत असतं ना, तर दाखवलं असतं! तुला आहे, तर तू ते दुसऱ्याच्या हवाली करतोस."

 मायल्सने नोराकडे पाहिलं. तापात कापलेले तिचे केस अजून कानापर्यंतही आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मतदान होतं न्हाव्याच्या दुकानात. दारात टूमी उभा. मायल्स आला, एका हातात पाव आणि दुसऱ्यात गटार बुजवू म्हणणाऱ्या उमेदवाराची पांढरी मतपत्रिका! सगळी रांग वळून बघू लागली.

"टूमीसाहेब, हा पाव तुमचा. तुमचे उपकार जन्मात विसरणार नाही. पण मत गल्लीतल्या पोरांसाठी देतोय. नोकरी गेली तरी चालेल!"

त्याने पाव टूमीच्या हातात दिला. तसाच आत जाऊन त्याने मत टाकलं आणि बाहेर आला.

टूमी अजून पाव छातीशी धरून उभा होता. एवढा दांडगा माणूस, पण डोळे भरून आलेले.

"नोकरीचं काय घेऊन बसलास, वेड्या!" तो म्हणाला. "वीस वर्षं हा वॉर्ड मला मतं देतोय. आभार मानायला आलेला तू पहिलाच!"

पांढऱ्या कागदाचा उमेदवार त्या वर्षी पडला. मायल्सची नोकरी मात्र राहिली, आणि रांगेतल्या अकराजणांनी गुलाबी कागद खिशातून बाहेर काढलेच नाहीत.

मित्रहो, उपकार जरूर फेडा, घरी जाऊन, तोंडभरून फेडा. मत मात्र त्यांच्यासाठी द्या, ज्यांना ते देताच येत नाही!