उत्तरासाठी सोडलेली जागा

"खंयची कॅसेट?" बाबाजीने विचारलं.

"आईची," मी म्हणालो. "तिच्यावर गॅस मास्कचा धडा भरला मी."

बाबाजी कणकवलीकडचा वेल्डर, आमच्याच कंपनीच्या कॅम्पात राहणारा. त्याच्या हातातला घास हातातच राहिला. मी मात्र आणखी डाळ वाढून घेतली आणि पोटभर जेवलो. नोव्हेंबरपासून माझं असंच चाललं होतं. भूक लागायची, झोप लागायची, वर्ग वेळेवर सुरू व्हायचे. बाकी काही लागत नव्हतं.

कुडाळच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवता शिकवता मी चौऱ्याऐंशी साली सौदीतल्या अल खफजीला आलो. समुद्राकाठचं गाव, वर दहा-बारा किलोमीटरवर कुवेतची हद्द. तेल कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रात पंपांवर काम करणाऱ्या सौदी माणसांना मी इंग्रजी शिकवत होतो. पद्धत ठरलेली होती. टेपवर एक वाक्य, मग तेवढीच मोकळी जागा, आणि त्या जागेत वर्गाने तेच वाक्य मोठ्याने म्हणायचं. प्रश्न विचारला तर उत्तर पूर्ण वाक्यात हवं, नुसतं 'येस', 'नो' चालणार नाही, हा माझा स्वतःचा नियम. कुडाळची पोरं माझ्या छडीला जेवढी घाबरली नाहीत तेवढे हे दाढीवाले बाप्ये या नियमाला घाबरत.

आईला लिहिता येत नव्हतं. पत्र घालायचं तर धाकट्या भावाला, नागेशला सांगावं लागे, आणि तो तिच्या तासाभराच्या बोलण्याचं 'इकडील सर्व क्षेम' करून मोकळा होई. म्हणून आम्ही कॅसेट धरली. एकच कॅसेट सहा वर्षं ये-जा करत होती. रजेवर जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून ती गावी जायची, आई ऐकायची, आणि माझ्या बोलण्यावरच आपलं उत्तर भरून परत पाठवायची. मग मी तिच्या बोलण्यावर माझं भरायचो. गावातल्या आखाती घरांची हीच रीत होती. माणूस पुन्हा बोलणारच आहे, मग जुनं पुसलं तर काय बिघडतं?

यंत्रासमोर बोलणं आईला कधी जमलं नाही. ती प्रश्न विचारायची आणि गप्प बसायची. मी समोर आहे आणि उत्तर देतोय अशी तिची समजूत. माझं उत्तर झालं असेल असं वाटलं की पुढचं बोलायची. त्या मोकळ्या जागांत मी खोलीत एकटा बसून खरोखरच उत्तरं देत असे. हसायचं तर हसा.

नव्वदच्या जुलैत बाबाजी रजेवरून परतला तो ही कॅसेट घेऊन. ऑगस्टात कुवेत इराकच्या घशात गेलं. रजेची यादी बंद झाली, आमचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत राहिले. माझं उत्तर भरायचं राहून गेलं, कारण न्यायला कुणी जातच नव्हतं. नोव्हेंबरात नागेशची तार आली, तीही तेरा दिवसांनी. आई वारली, सर्व उरकलं, येऊ नये. मी तार घडी करून खिशात ठेवली आणि दोनचा वर्ग घेतला. मी रडेन या अंदाजाने बाबाजी चार रात्री माझ्या खोलीत येऊन झोपला. त्याच्या चारही रात्री फुकट गेल्या.

कॅसेट मी केंद्रातल्या भाषेच्या लॅबच्या खणात ठेवली होती. खोलीतला टेप बिघडला होता, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तिथेच ऐकत असे. जानेवारीत वरून हुकूम आला की गॅस मास्क कसा लावायचा याचा धडा तातडीने भरा. बाजारात कोरी कॅसेट नव्हती, अर्धी दुकानं बंदच होती. मी खणात हात घातला, हाताला लागली ती यंत्रात सरकवली आणि धडा वाचून काढला. धड्याच्या प्रत्येक कॅसेटच्या पाठीवरचे दोन प्लास्टिकचे कान मी पेनाने मोडून टाकत असे, म्हणजे त्यावर चुकून काही भरलं जाऊ नये. आईच्या कॅसेटचे कान शाबूत होते. ते मोडले असते तर उत्तर कशावर भरलं असतं?

हाताला लागली ती आईचीच होती हे लक्षात आलं ते संध्याकाळी. त्याच रात्री जेवताना बाबाजीला सांगितलं.

"मास्तरांनू, आयकून तरी बघा," तो म्हणाला. "शेवटाक कायतरी उरला आसतला."

मी नको म्हटलं. उरलं नसेल तर ते कळून काय करायचं होतं? आणि उरलं असेल तर एवढंसं उरलंय हेही मला नको होतं.

दुसऱ्या दिवशी गाव रिकामं करायचा हुकूम आला. दहा वाजता बस निघणार होत्या. तरी मुख्य मास्तरांनी सांगितलं की निघण्याआधी धडा घ्याच, रस्त्यात उपयोगी पडेल. अठरापैकी सहा माणसं आली. पुढच्या बाकावर नेहमीप्रमाणे अबू सालेम. वय पंचेचाळीस, पाच मुलींचा बाप, आणि वर्गातला सगळ्यात आज्ञाधारक विद्यार्थी. तीन वर्षांत त्याने एकही मोकळी जागा वाया घालवली नव्हती.

मी टेप लावला. माझा आवाज सूचना देत गेला आणि सहा जण म्हणत गेले. श्वास रोखा. डोळे मिटा. पट्टा ओढा. पळू नका. धडा संपला की मी टेप बंद करतो, ती सवयच आहे. त्या दिवशी हात बटणावर गेला आणि तिथेच थांबला.

खट्ट झालं. टेपमध्ये मागे कुठेतरी कोंबडा आरवला.

"झिला, जेवलंस मां?" आई म्हणाली, आणि गप्प झाली.

टेपवर वाक्य, मग मोकळी जागा. सहाही जणांनी खणखणीत आवाजात म्हटलं, "झिला, जेवलंस मां?"

मी टेप बंद केला नाही. आईने सांगितलं की काळजी करू नको, आणि त्यांनीही मला तेच सांगितलं. मग ती जरा थांबली.

"कधी येतलंस?"

"कधी येतलंस?" वर्ग म्हणाला.

त्यापुढची जागा लांब होती. खूप लांब. आईने या उत्तराला पुष्कळ वेळ दिला होता. मग नागेशचा आवाज आला, बंद करतोय म्हणून, आणि कॅसेट संपली.

अबू सालेम मान वाकडी करून माझ्याकडे बघत होता. हे इंग्रजी नव्हे एवढं त्याला कळलं होतं.

"मदर?" त्याने विचारलं.

मी मान हलवली. त्याने मागे वळून बाकीच्यांना अरबीत सांगितलं. मग त्याने विचारलं की शेवटी ती काय म्हणाली. मी सांगितलं, मी कधी येणार असं विचारतेय.

अबू सालेमने वाट पाहिली. त्याच्या हिशेबाने धडा अर्धवट राहत होता. आवाज खाली आणून, माझाच नियम मला आठवण करून द्यावा तसा तो म्हणाला, "फुल आन्सर, टीचर."

मी तोंड उघडलं. आई गेली हे मला तेव्हा कळलं. तारेने कळलं नव्हतं.

बाहेर बसचा भोंगा वाजायला लागला. एकेक जण मास्कची पिशवी खांद्याला लावून उठला. अबू सालेम सगळ्यांत शेवटी गेला. जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. मी कॅसेट यंत्रातून काढली, खिशातलं पेन घेतलं आणि तिचे दोन्ही कान मोडून टाकले. आता तिच्यावर कुणालाच काही भरता येणार नव्हतं, मलाही.